कॅलरी मोजायच्या तर आधी तेलाची पळी मोजा

प्रश्न कोल्हापुरातल्याच एका ताईंचा आहे. वय ४२, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७४ किलो, बँकेत बसून काम. घरात नवरा, सासूबाई, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. मोबाइलवरच्या ॲपनं रोज १,२०० कॅलरी सांगितल्या, त्या त्यांनी दोन महिने पाळल्या. तीन किलो उतरले आणि पुढच्या सहा आठवड्यांत परत आले. दिवसभर नीट जातं, पण रात्री नऊनंतर ताबा सुटतो. ॲपला तांबडा रस्सा ठाऊक नाही, घरची भाकरी ठाऊक नाही. घरात महिन्याला तेलाचा पाच लिटरचा कॅन संपतो आणि वर एक पिशवी लागते. शेवटी त्या विचारतात, "कॅलरी मोजून वजन खरंच कमी होतं का, की आपल्या जेवणाला हे लागूच पडत नाही? आणि आता माझं बघून मुलगीसुद्धा मोजायला लागलीय, ते चालेल का?"

ताई, कॅलरी मोजून वजन कमी होतं. राजारामपुरीत २२ वर्षं आहारसल्ल्याचं काम करतेय, त्या जोरावर ठामपणे सांगते. तुमचं बिनसलं ते दोन ठिकाणी. आकडा फार खाली धरला, आणि मोजताना जे डोळ्यांना दिसतं तेवढंच मोजलं.

आधी आकड्याचं बघू. मिफ्लिन आणि सेंट जोर यांचं १९९० सालचं एक सूत्र आम्ही रोज वापरतो. बायकांसाठी ते असं आहे: किलोतल्या वजनाला १०ने गुणायचं, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ने गुणायचं, दोन्हींची बेरीज करायची आणि त्यातून वयाची पाचपट आणि आणखी १६१ वजा करायचे. तुमचे होतात ७४० अधिक ९६९, वजा २१०, वजा १६१, म्हणजे १,३३८. तुम्ही दिवसभर नुसत्या पडून राहिलात तरी शरीर साधारण एवढं खर्च करतं. त्यावर बँकेची नोकरी आणि घरातली कामं धरली की १,७०० ते १,८०० होतात. मी खालचा आकडा धरते, कारण आपल्याकडच्या लोकांचा खर्च या सूत्रापेक्षा थोडा कमीच भरतो. तुम्ही १,३५० ते १,४०० वर राहा. रोज साडेतीनशेच्या आसपास तूट राहील. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात, त्या हिशेबानं सुरुवातीला महिन्याला सव्वा ते दीड किलो उतरेल. कमी वाटेल, पण हे उतरलेलं टिकतं.

१,२००वर दिवस काढला की रात्री नऊला जे होतं त्याला तुम्ही ताबा सुटणं म्हणता. मी त्याला भूक म्हणते. सकाळी दोन बिस्किटं आणि चहा, दुपारी डब्यातल्या दीड चपात्या, संध्याकाळी काहीच नाही, असं केल्यावर रात्री फरसाणाच्या डब्यात हात जाणारच. यात मनाचा कमकुवतपणा शोधू नका. माझ्याकडे आलेल्या कितीतरी बायकांचा दिवसाचा कडकपणा आणि रात्रीचं खाणं यांची बेरीज केली, तर त्या मुळात जेवढं खात होत्या त्याच आकड्यावर येते. वर स्वतःला दोष देणं चालू राहतं ते वेगळंच.

आता तेल. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती कॅन आणि पिशवीचीच आहे. सहा लिटर तेल म्हणजे साधारण साडेपाच किलो. एक ग्रॅम तेलात ९ कॅलरी असतात, तर साखर आणि डाळीतली प्रथिनं यांच्या एका ग्रॅममध्ये ४. सहा लिटरच्या झाल्या जवळजवळ ४९,०००. पाच माणसं, तीस दिवस. माणशी रोज सव्वातीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. तळणाचं उरलेलं तेल टाकून देत असाल तर तेवढं वजा करा, पण बहुतेक घरांत ते टाकलं जात नाही, दुसऱ्या दिवशीच्या फोडणीत जातं. तुमच्या दोन महिन्यांच्या नोंदीत तेल किती वेळा लिहिलंय ते उघडून बघा. मला वाटतं, एकदाही नसेल. तुम्ही लिहिलं असेल "एक वाटी वांग्याची भाजी", आणि ॲपनं त्याला कुठल्यातरी मोजानं ८०-९० कॅलरी दिल्या असतील. आपल्या भरल्या वांग्याच्या वाटीत तेल, दाण्याचा कूट आणि खोबरं मिळून त्याच्या तिप्पट सहज असतात.

यात तुम्ही एकट्या नाही. १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास आला होता. आपण अगदी कमी खातो तरी वजन उतरत नाही असं म्हणणारी माणसं त्यात घेतली होती. शरीर खरंच किती खर्च करतं हे विशिष्ट प्रकारचं पाणी पाजून मोजतात, तसं मोजलं. निष्कर्ष असा निघाला की ही माणसं आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगत होती आणि हालचाल ५१ टक्के जास्त सांगत होती. शरीराचा खर्च मंदावलेला नव्हताच. ती खोटं बोलत होती असं मी म्हणणार नाही. जे नजरेत राहत नाही ते लिहिलं जात नाही, एवढंच. माझ्यासमोर बसून एक मावशी कळवळून म्हणाल्या होत्या, "मी काय खातोय ओ, दोन भाकरी आणि वाटीभर कालवण!" त्यांच्या दोन भाकऱ्या आम्ही काट्यावर ठेवल्या. एकेका भाकरीत ८० ग्रॅम पीठ होतं. ज्वारीच्या पिठाच्या १०० ग्रॅमला साधारण ३३५ कॅलरी धरल्या तर दोन भाकऱ्यांचे सव्वापाचशेच्या वर गेले. त्या मनातल्या मनात दोनशे धरत होत्या.

म्हणून भाकरी मोजू नका, पीठ मोजा. परातीत घ्यायच्या आधी कोरडं पीठ काट्यावर ठेवा, त्यात किती भाकऱ्या झाल्या ते मोजा आणि भागा. किलोभर पिठाच्या सोळा झाल्या तर एक भाकरी २१० कॅलरीची. वीस केल्यात तर १६७ची. चपातीचं तसंच, वर लावलेलं तेल-तूप वेगळं लिहायचं. भात शिजल्यावर मोजण्यात अर्थ नाही, पाणी किती घातलं त्यावर वजन बदलतं. कच्चा तांदूळ मोजायचा, १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी. त्यासाठी साधा इलेक्ट्रॉनिक काटा आणा, पाच किलोपर्यंत वजन दाखवणारा पुरेसा आहे. माझ्या मते वजन कमी करायचं म्हणून घरात एकच वस्तू आणायची तर तो काटा आणावा. पावडरी, चहाच्या पुड्या, पट्टे यांवर एक रुपया घालवू नका.

रविवारचं पातेलं उदाहरण म्हणून घेऊ, कारण ॲप तिथेच अडतं आणि लोक तिथेच हात टेकतात. एक किलो मटण, सहा माणसं. मटणाच्या, हाड-चरबी बघून, १,००० ते १,४०० कॅलरी होतात, १,२०० धरू. सुक्क्याला आणि तांबड्याला मिळून दीडशे मिली तेल गेलं, तर त्याचे पुन्हा १,२००. हे मी पहिल्यांदा मांडून दाखवते तेव्हा समोरचं माणूस गप्प होतं: किलोभर मटणात जेवढं, तेवढंच एका वाटीभर तेलात. वाटणाचं सुकं खोबरं ५० ग्रॅम, त्याचे सव्वातीनशे. तीळ-खसखस शंभर-सव्वाशे. पांढऱ्यासाठी एका नारळाचं घट्ट दूध आणि मूठभर काजू, साडेसहाशेच्या आसपास. सगळं मिळून साडेतीन हजार, माणशी ५८० च्या आतबाहेर. त्यावर दोन भाकऱ्या किंवा भात. म्हणजे रविवारचं एक जेवण हजाराच्या घरात, आणि ते तुमच्या आठवड्यात बसतं. हो, बसतं. बाकीचे सहा दिवस नीट असतील तर रविवारचं मटण सोडायला मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सोडायला सांगितलं की माणूस महिनाभर ऐकतो आणि मग सगळंच सोडतो.

पण त्या पातेल्यातलं तेल निम्म्यावर येऊ शकतं, आणि चव जात नाही. कसं ते नीट सांगते, कारण सासूबाईंचा पहिला आक्षेप तवंगावर असणार. वाटणाचा कांदा तेलात परतू नका, गॅसच्या जाळावर किंवा तव्यावर कोरडा भाजा, बाहेरून काळा होईपर्यंत. खोबरं, तीळ कोरडेच खरपूस करा, त्यांचं स्वतःचं तेल सुटतं. लसूण-आलं आणि वाटण परतायला तीन मोठे चमचे तेल पुरतं, खाली लागायला लागलं की अळणी रस्सा, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, पळीपळीनं घालत राहायचं. आणि कांदा-लसूण चटणी सगळी आधी घालू नका. रस्सा उकळून उतरवताना मोठा चमचाभर तेल वेगळं गरम करा, गॅस बंद करून त्यात चमचाभर चटणी सोडा, आणि तो लाल तडका वरून ओता. रंग तेलात उतरतो, तेल वर तरंगतं, पातेलं तस्संच लालभडक दिसतं. १५० मिलीच्या जागी ६० मिली तेल गेलं तर माणशी १२० कॅलरी वाचल्या, आणि ताटात कुणाला काही कमी पडलं नाही. एका सासूबाईंनी तर सुनेला सांगितलं होतं, आज रस्सा लई भारी उतरलाय. सुनेनं तेलाचं नंतर कधीतरी सांगितलं.

रोजच्या फोडणीला एकच नियम करा. कॅनमधून थेट कढईत ओतायचं नाही. सकाळी दिवसभराचं तेल एका छोट्या बरणीत काढायचं, पाच माणसांना मिळून ८० मिली. संपलं की संपलं. महिन्याला अडीच लिटर होतात. तुम्ही सहावरून एकदम अडीचवर येऊ नका, पहिल्या महिन्यात साडेचार, मग साडेतीन, मग अडीच. शेवटच्या पायरीवर पोचलात की माणशी रोजचे १९० वाचतात. तुमच्या साडेतीनशेच्या तुटीतला अर्ध्याहून जास्त भाग इथेच झाला, एक भाकरीही कमी न करता. आणि मुलांचं, सासूबाईंचंही भलं होतं, हे त्यांना वेगळं समजवायला लागत नाही.

दुसरी जागा चहा. आपल्याकडे म्हशीच्या दुधाचा अभिमान आहे आणि तो मलाही आहे. गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दुधाचा ग्लास हातात घेऊन उभं राहण्याचं सुख मी लहानपणी वडिलांबरोबर घेतलंय. पण म्हशीच्या दुधाच्या १०० मिलीत ११० च्या आसपास कॅलरी असतात, गाईच्या दुधात ७०. घट्ट चहात अर्धा कप दूध आणि दोन चमचे साखर म्हणजे कपाला १२०. बँकेत दिवसाला चार कप होत असतील तर ४८०, एका जेवणाएवढे. चारचे दोन करा, साखर एक चमचा करा, दूध साय काढून घ्या. रोजचे तीनशे वाचतात. साखरेऐवजी गूळ घातला तर चालेल का, हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. चवीसाठी खुशाल घाला. आपला गूळ उत्तमच आहे, पण कॅलरी जवळजवळ साखरेएवढ्याच, तेव्हा चमचा तोच धरा.

तिसरी जागा मला सगळ्यात जास्त जिव्हाळ्याची आहे, कारण ती फक्त बायकांच्या वाट्याला येते. मुलानं ताटात टाकलेली अर्धी चपाती, कढईत चिकटलेली दोन चमचे भाजी, सकाळचा उरलेला घासभर भात. अन्न वाया घालवायचं नाही म्हणून ते ओट्यापाशी उभ्यानं तोंडात जातं आणि त्याची नोंद कधीच होत नाही. एका आठवड्यात मी एका बाईंना हे सगळं खाण्याऐवजी डब्यात टाकून काट्यावर ठेवायला सांगितलं. दिवसाला २०० ते २५० कॅलरी निघत होत्या. उपाय रांधण्यात आहे. दोन चपात्या कमी करा, मुलाला आधी एकच वाढा. जे उरेल ते फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी तुमच्या ताटात मोजून घ्या. तुमचं पोट उरलेलं ठेवायची जागा नाही, ताई.

आता नोंद कशी करायची. तीनच आठवडे करा, पण पूर्ण करा. ॲपपेक्षा मी वही सुचवते, ओट्याशेजारी दोरीला पेन बांधून. खाल्ल्यावर लगेच लिहायचं, रात्री आठवून लिहिलेली नोंद अर्धीच असते. वेळ लिहा आणि भूक होती की नव्हती तेही लिहा. पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका, नुसतं आहे तसं टिपा, वाईट दिवसही टिपा. त्यातूनच कळतं की तुमच्या घरात गळती कुठे आहे. तेल, चहा, उरलेलं या तीन जागा मी अंदाजानं सांगितल्या. तुमच्या वहीत कदाचित चौथीच निघेल, शनिवारी रात्रीचं जेवण किंवा ऑफिसातल्या वाढदिवसांचे केक. पुढचे दोन आठवडे फक्त दोन-तीन जागा बदला. मग वही बंद करा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी एक आठवडा पुन्हा उघडा. वर्षानुवर्षं प्रत्येक घास मोजत राहणं माणसाला मानवत नाही, आणि मला ते कुणाच्या वाट्याला यायला नको आहे.

ताटाची मांडणी मात्र कायमची बदला. तुमच्या जेवणात प्रथिनं कमी आहेत, हे डब्याच्या वर्णनावरूनच दिसतं. वजन उतरवताना ती कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही जातात आणि भूकही भागत नाही. दिवसाला ६० ते ७० ग्रॅमचं लक्ष्य ठेवा. सकाळी दोन अंडी (१२ ग्रॅम प्रथिनं, दीडशे कॅलरी) किंवा मुगाचं धिरडं. डब्यात भाजीच्या जोडीला मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ. संध्याकाळी पाच-साडेपाचला काहीतरी खाच, मूठभर फुटाणे आणि वाटीभर ताक, म्हणजे रात्रीचा डब्याकडे जाणारा हात थांबेल. रात्री आठला आधी वाटीभर कोशिंबीर, मग पिठलं किंवा आमटी, मग भाकरी. नऊनंतर भूक लागलीच तर कपभर दूध घ्या आणि ते लिहा.

बाहेरच्या खाण्याबद्दल थोडक्यात. मिसळ वाईट नाही, मटकी तिच्यात चांगलीच आहे. फरसाण, वरचा कट आणि ब्रेडचे चार स्लाइस मिळून एक प्लेट सहाशेपासून आठशेपर्यंत जाते. दोन स्लाइस घ्या, कट वेगळ्या वाटीत मागा, पुन्हा वाढायला आले की नको म्हणा. त्या दिवशी तो नाश्ता नसून तुमचं जेवण आहे, असं धरा. उपवासाचं मात्र मी जरा कडकपणे सांगते. नवरात्रात अंबाबाईचे नऊ दिवस धरून वजन वाढलेल्या बायका दरवर्षी ऑक्टोबरात माझ्याकडे येतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसतं पिष्ट (स्टार्च), वर दाण्याचा कूट आणि तूप. एक भरलेली बशी पाचशेच्या खाली येत नाही. वरी, राजगिरा, दही, ताक, फळं, उकडलेलं रताळं यांवरही उपवास होतो.

चालण्याचं खरं सांगते, लोक नाराज होतात तरी. रंकाळ्यावर तासभर भरभर चालून तुमच्या वजनाला अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात. चौपाटीवर एक भेळ खाल्ली की त्या परत. चालण्यानं वजन फारसं उतरत नाही, पण उतरलेलं वजन धरून ठेवायला, साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवायला आणि झोपेला त्याच्याएवढं दुसरं काही नाही, म्हणून चाला. आठवड्यातून तीनदा खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून जोर, असे स्नायूंचे व्यायामही करा. आपल्या गावाला हे सांगायला नको. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं, घरटी एक तरी माणूस तालमीत जाऊन आलेला. त्यांचा थंडाई-तूप-मटणाचा खुराक हजार-हजार बैठकांच्या जोरावर पचत होता. तालीम सुटली, खुराक तसाच राहिला, अशी पन्नाशीची किती माणसं गुडघे धरत माझ्या जिन्यावरून वर येतात. त्यांना पाहून वाईट वाटतं, कारण शिस्त त्यांच्या अंगात मुळातच असते. फक्त आता खुराक वेगळा लागतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

वजनकाट्याला घाबरू नका. रविवारी मटण आणि भात खाल्ल्यावर सोमवारी किलो-दीड किलो जास्त दिसेल. ती चरबी नव्हे. मीठ पाणी धरून ठेवतं, आणि शरीर साठवणीच्या साखरेच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी सोबत ठेवतं. रोज सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर वजन करा, आणि आठवड्याची सरासरी काढून फक्त सरासरीची तुलना करा. रोजचा आकडा बघून जीव कासावीस होत असेल तर आठवड्यातून एकदाच, गुरुवारी करा. पाळीच्या आधीच्या आठवड्यातलं वजन त्याच्या पुढच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघा.

आणि टेप घ्या. बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. आपल्याकडे बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० च्या आत असावी असं धरतात. हे का, तर आपल्या बांध्यात वजनाच्या मानानं चरबी जास्त आणि ती पोटात साठते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचीच तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. चरबीतल्या अशा फरकामुळेच आशियाई लोकांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर आणली आहे. तुमचा ३०.८ येतो. घाबरवायला सांगत नाही. तुम्ही ७४ वरून ६९-७० वर आलात तरी साखर, रक्तदाब, गुडघे सगळ्यांना फरक पडतो. तिथपर्यंतच पहिला टप्पा ठेवा. कॉलेजातलं ५२ किलोचं वजन डोळ्यांसमोर ठेवू नका.

चार-पाच किलो उतरल्यावर वजन अडेल. अडणारच, कारण हलक्या शरीराचा खर्चही कमी असतो. त्या सूत्रात ६९ घालून बघा, ५० कॅलरी तिथेच कमी झाल्या, आणि शरीर थोडं हात आखडतंही. अशा वेळी आणखी कमी खायला लागू नका. दोन-तीन आठवडे आहे त्या वजनावर राहा, १,६००च्या आसपास खा, चालणं वाढवा, वही आठवडाभर उघडा. बहुतेकदा तेलाची बरणी पुन्हा कॅन झालेली असते.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागतो, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हा हिशेब करू नये. थायरॉईड तपासून घ्या, पण सगळा दोष त्याच्यावर टाकू नका, गोळी नीट बसली की त्याचा वाटा थोडाच उरतो.

मुलीचं शेवटी घेतलं, कारण तिथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. चालणार नाही, ताई. तिला मोजू देऊ नका. चौदा-पंधराव्या वर्षी हाडं भरत असतात, पाळी बसत असते, उंची अजून वाढत असते. या वयात आकड्याची सवय लागली की ती सुटता सुटत नाही. एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिची पाळी पाच महिने बंद होती आणि ती सफरचंदाच्या फोडी मोजून खात होती. घरात सुरुवात आईच्या ॲपनंच झाली होती. ते ॲप फोनवरून काढून टाका. काट्यावरची तुमची वजनं, "मी किती सुटलेय", "आज मी पाप केलं" असली वाक्यं तिच्यासमोर नको. तिला दूध, अंडी, उसळ, पोटभर भाकरी मिळू द्या, आणि मैदानावर जाऊ द्या. डबा परत येत असेल, जेवल्यावर ती लगेच बाथरूममध्ये जात असेल, पाळी चुकत असेल किंवा चारचौघांत जेवणं टाळत असेल तर न रागावता थेट डॉक्टरांकडे न्या, थांबू नका.

तिला तुमच्याबरोबर हे करावंसं वाटतंय, ते वाया घालवू नका मात्र. रविवारी वाटणाचा कांदा जाळावर भाजायला तिला बोलवा, तडक्याची चटणी तिच्या हातानं सोडू द्या. आकडा एकही काढू नका. तुमची वही तुम्ही तिचं आवरून झाल्यावर लिहा, आणि तीन आठवडे पुरे झाले की ती घेऊन एखाद्या आहारतज्ज्ञाकडे जा, रिकाम्या जागांसकट.